तांबडीचं बाळंतपण

आमच्याकडे गाय व्याली की गल्लीतल्या बायका पाहायला येतात, अगदी बाळंतिणीला पाहायला येतात तशा. कोणी मेथीदाणा आणतं, कोणी गुळाचा खडा. वासरू पाहतात, कास पाहतात आणि जाताना काही ना काही सांगून जातात. मीही आयुष्यभर अशीच सांगत आले. म्हणून तांबडी दुसऱ्यांदा गाभण राहिली तेव्हा तिचं बाळंतपण मीच करायचं, हे घरात कोणी ठरवलं नाही. ते ठरलेलंच होतं.

तांबडी तशी सुनेची. सुनेचं माहेर पुसदकडे. तिच्या वडलांनी लेकीला कालवड दिली आणि ती टेम्पोत चढवून आर्णीच्या अलीकडे, आमच्या गावात आणून सोडली. संकरित जात, अंगानं मोठी, स्वभावानं गरीब. शेत आहे, कापूस आहे, तूर आहे, पण ते सगळं माझ्या मुलाच्या हातातलं. गोठा तेवढा सुनेचा. पहिल्या वेताला दूध बेताचंच निघालं. मुलगा तेव्हाच म्हणाला होता, "एका गाईपायी घरातली एक बाई अडकून राह्यते. वेचणीले माणूस भेटत नाई अन् हे इथं शेण काढून राह्यली." सुनेनं शेणाची पाटी उचलली. दुसऱ्या वेताला बघू, एवढंच म्हणाली. तेव्हा दुसऱ्या वेतावर किती अवलंबून आहे ते मला चांगलं ठाऊक होतं.

मग मी काय कसर ठेवणार? तांबडी आटली, दूध बंद झालं, तशी मी तिच्या खाण्यामागे लागले. पोटुशी बाईला आपण कसं करतो? हे खा, ते खा, दोन जिवांची आहेस. तसंच. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून टोपलंभर, वर ज्वारीच्या भाकरी, गूळ, हरभऱ्याची चुरी. तांबडी अशी तुकतुकीत झाली की पाठीवर पाणी ओतलं तर ओघळून खाली यावं. शेजारीण म्हणायची, "तुमची गाय हाय का म्हैस, काही समजूनच नाई राह्यलं." मला ते ऐकून बरं वाटायचं.

दिवाळी झाल्यावर ती व्याली. सरळ व्याली, वार पडली, वासरी झाली. घरोघर चीक वाटला. त्यानंतर मी तिला पथ्यावर ठेवलं. ओली बाळंतीण, तिला जड कसं चालेल? ढेप बंद. कोमट पाणी, ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, मेथी, गूळ आणि तोंडाला चाळा म्हणून तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला सुका भुसा. सुनेनं एकदा विचारलं, "आई, दूध इतकं देऊन राह्यली, तिले ढेप नको काय द्याले?" मी म्हटलं, "कच्चं अंग हाय बाई तिचं. तुह्या बाळंतपणात मी तुले पुरणपोळी खाऊ घातलती काय?" विषय संपला.

दूध खरंच भरपूर होतं. बादली वरपर्यंत भरायची. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे केंद्रावर फॅट चढू लागली. आमच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. तिथं मशीनमध्ये दुधाचा थेंब गेला की लाल आकडे उमटतात. एक आकडा फॅटचा, म्हणजे सायीचा. दुसरा एसएनएफचा, म्हणजे साय आणि पाणी सोडून दुधात जे बाकी घट्ट असतं त्याचा. पण दुसऱ्याकडे बघतो कोण? रांगेतला जो तो फॅटच विचारतो. आमचा आकडा रोज थोडा थोडा वर. केंद्रावरचा माणूस माझ्या मुलाला म्हणाला, "दादा, गाईच्या दुधाले म्हशीची फॅट? काय चारून राह्यले?" मुलगा घरी येऊन दोनदा सांगून गेला. तांबडीबद्दल तो चांगलं बोलला असं ते पहिल्यांदाच झालं. सुनेनं त्या दिवशी त्याला चहात साखर जास्त घातली असावी, असं मला वाटतं.

पथ्य संपवून मी ढेप पुन्हा सुरू केली. तर तांबडीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. कुटार मात्र खायची, रेंगाळत रेंगाळत. मी म्हटलं, पाहा, मुक्या जिवालाही कळतं, ढेप अजून जड आहे. पण बादली आता वरपर्यंत भरेना. एक दिवस चार बोटं खाली, पुढे अर्ध्यावर. पाठीचं हाड वर आलं, कंबरेत खळगे पडले. शेण कोरडं, घट्ट, वर शेंबडासारखी तार. आणि फॅट? फॅट वरच.

एका सकाळी सून धार काढता काढता थांबली. "आई, हिच्या तोंडाले वास येऊन राह्यला." मी जाऊन पाहिलं. गोडसर वास होता, पिकून फुटलेल्या सीताफळासारखा. दुधालाही थोडा तोच. मी आधी शेजारच्या पोरांना ओरडले, कोणी तिला नासकी सीताफळं घातली म्हणून. पोरं म्हणाली, "आजी, सीताफळं तर कधीच संपली." ते खरंच होतं.

मुलानं तेवढ्यात आपलं ठरवलं होतं. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "रविवारी एक गिऱ्हाईक येऊन राह्यला. दूध कमी झालं तरी फॅट हाय, तवर देऊन टाकू. फॅट उतरली का कोणी इचारणार नाई." सुनेचा हात ताटातच राहिला. म्हणाली, "माह्या बाबानं देल्ली हाय ते." तो म्हणाला, "मंग मरू द्यायची काय गोठ्यात?" दोघांचंही खोटं नव्हतं. मी उठून तांबडीचं पाणी बघायला गेले.

रविवारी सकाळी, मुलगा गिऱ्हाइकाला घ्यायला फाट्यावर गेला तेवढ्यात, सुनेनं जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं. आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता म्हणे. बाई स्कूटीवर आल्या, वयानं माझी नात शोभाव्या अशा. आधी त्यांनी तांबडीच्या नाकाशी नाक नेलं. मग शेण पाहिलं. मग मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, काही कुपीत भरलं आणि एक थेंब एका छोट्या मशीनच्या पट्टीवर ठेवला. ते मशीन पाहून मी म्हटलं, "अवं, हे तर माह्या जवळ हाय!" मला साखरेचा आजार. रोज बोट टोचते. आकडा पाहून बाई म्हणाल्या, "आजी, हिची साखर फार खाली गेलीय."

"मंग माही घे म्हणा," मी म्हटलं. "माही कायमची वरच राह्यते. वाटून घेऊ दोघी."

बाई हसल्या, पण लगेच विचारलं, "विण्याआधी काय खायला घालत होता?" सून जमिनीकडे पाहू लागली. माझं नाव तिला सांगायचं नव्हतं, मला कळलं. मीच सांगितलं, सगळं, भाकरीसकट. आणि व्याल्यावरचं पथ्यही.

बाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या आणि बोलल्या, ते मी जसं समजले तसं सांगते. दूध आभाळातून पडत नाही, ते रक्तातून येतं. एक लिटर दूध व्हायचं तर कासेतून घागरीवर घागरी रक्त फिरावं लागतं. त्या रक्तातली साखर कास उचलते आणि तिची दुधातली साखर करते. ती साखर पाणी ओढते आणि त्यावर बादली भरते. म्हणून रक्तातली साखर घटली की लिटर घटतात. व्याल्यावर गाय देते एवढं की तोंडानं घेतलेलं पुरत नाही. मग ती अंगावरची चरबी वितळवते. तांबडीला तर मी भरपूर चरबी चढवून ठेवली होती, आणि नेमकं दूध सुरू झाल्यावर तिचं खाणं काढलं होतं. वितळलेली चरबी रक्तात येते, रक्तातून दुधात जाते. जास्त झाली की लिव्हरला झेपत नाही, त्यातून वास येतो, भूक मरते. भूक मेली की आणखी चरबी वितळते.

"म्हणजे ते फॅट?" सुनेनं विचारलं.

"ते तिच्या पाठीवरून उतरतंय, बादलीत."

मी म्हटलं, "पण बाई, मी गूळ तर रोज देऊन राह्यली. मंग साखर काहून कमी?" बाई म्हणाल्या की गाईच्या पोटात गूळ गेला की तिथले जंतूच तो आधी खातात, रक्तापर्यंत साखर म्हणून तो पोचत नाही. जास्त दिला तर पोट आंबतं. मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही सुनेचं बाळंतपण केलंत. गाईचं थोडं उलटं करायचं. आटलेली असताना हात आखडता, व्यायच्या सुमारास हळूहळू सैल, आणि व्याल्यावर खाईल तेवढं चांगलं."

एवढ्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गल्लीतही कोणाला माहीत नव्हतं, नाहीतर सांगायला कमी पडणाऱ्या बाया नव्हेत त्या.

गोठ्याच्या आढ्याला सलाईनची बाटली टांगलेली, तांबडीच्या मानेत सुई, अशा वेळी मुलगा गिऱ्हाइकाला घेऊन आला. सुई पाहून त्याचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक म्हणजे शहाणा माणूस. त्यानं कास पाहिली, दात पाहिले आणि विचारलं, "फॅट किती लागते?" मुलानं आकडा सांगितला. तो बरोबरच होता. माणूस खूष झाला. म्हणाला, "सलाईन तर लोक शक्तीसाठी बी लावते. घेऊन जातो मी."

सून पुढे झाली. "भाऊ, ते फॅट दुधाची नाई. तिच्या अंगाची हाय. ते बिमार हाय."

"तुले कोणी इचारलं काय?" मुलगा म्हणाला.

"उद्या याहिच्या गोठ्यात बसून गेली तर हे आपल्या नावानं बोंबलतीन ना!"

गिऱ्हाईक दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. शेवटी तो खाटेवर बसला, चहा प्यायला आणि मुलाला म्हणाला, "बरी झाली का फोन करजा. न झाली तर नका करू." तो गेल्यावर सुनेनं त्याची कपबशी विसळली. मग मुलगाच म्हणाला, "दुसरी वेचणी उरकेपर्यंत पाहू. त्याच्यावर नाई." सुनेनं मान हलवली. तिच्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं.

त्यानंतरचे दिवस काही सांगण्यासारखे नाहीत. बाई आणखी येऊन गेल्या. आर्णीच्या मेडिकलमधून एक दाट, गोडसर औषध आणलं. ते सून आणि मी मिळून पाजायचो, मी मान वर धरायची आणि तिनं बाटली गालात घालायची. अर्धं माझ्या लुगड्यावर. हिरवा मका कापून थोडा थोडा, दिवसातून कितीदा तरी. ढेप मूठभर ठेवायची, तिनं नाही खाल्ली की काढून टाकायची, पुन्हा ताजी ठेवायची. मी गुळाचा डबा फडताळात वर ठेवून दिला, नाहीतर माझा हात जायचाच.

एका सकाळी मी अंगण झाडत होते आणि गोठ्यातून टोपलं घासल्याचा आवाज आला. तांबडी ढेप चाटत होती, टोपलं भिंतीपर्यंत ढकलत नेलं होतं तिनं. सून दारात उभी होती. मला म्हणाली, "आई, हालू नका. पाहून राह्यली ना आपल्याकडे, थांबंन." आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, ती टोपलं साफ करेपर्यंत.

दूध लगेच नाही आलं. पण आलं. वास गेला, शेण पातळ झालं, बादली चढू लागली. आणि फॅट उतरू लागली.

दुसरी वेचणी संपत आली होती. त्या दिवशी सून कापसात होती म्हणून केंद्रावर मुलगा गेला. परत आला तो कॅन आपटतच. म्हणाला, "सगळ्याहिच्या समोर तो केंद्रवाला मले म्हणते, दादा, पाणी टाकून राह्यले काय? गाईची फॅट कुठं गेली?"

सून नुकतीच शेतातून आली होती, डोक्याचा रुमाल सोडत होती. तिनं एवढंच विचारलं, "मंग तुम्ही काय म्हणलं?"

"म्हणलो, दुसरा आकडा पाह्य ना. एसएनएफ वाढली का नाई? पाणी टाकलं असतं तर दोन्ही उतरले असते. गाय बरी झाली म्हणा आमची." हे त्याला तिनंच कधीतरी सांगितलेलं होतं, आणि तिला ते डॉक्टरबाईंनी. पण तो असा सांगत होता की जणू मशीन त्यानंच बनवलं. सून हसली नाही. मी मात्र पदर तोंडाला लावला.

हातपाय धुऊन तो ओट्यावर बसला आणि फोन लावला. पलीकडे कोण ते आम्हाला कळलं. "भाऊ, बरी झाली," तो म्हणाला. सून चुलीपाशी होती, तिचा हात थांबला. "हो, पुरी बरी झाली. पण नाई देत आहो आता."

मग तो उठला आणि स्वतःच ढेप भिजवायला बसला. टोपलं शिगोशिग भरलं. सुनेनं आतूनच पाहिलं आणि म्हणाली, "एवढी नाई. डॉक्टरबाईनं सांगतली तेवढीच." त्यानं पाणी घालण्याआधी दोन ओंजळी पोत्यात परत टाकल्या.