देवीच्या डोंगरावरून खाली

सोयाबीन घरात आल्यावर आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई, मंगरूळपीरहून गाडीनं कोकणात गेलो. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग खाडीवर गाडी फेरीबोटीत चढवून पलीकडे. रस्ता समुद्राच्या काठानं जायचा, मध्येच एखाद्या डोंगरावरच्या देवळापर्यंत चढायचा आणि पुढच्या गावात पुन्हा समुद्रापाशी उतरायचा. वाटेतलं एकही देवस्थान सोडायचं नाही, असं सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं. गाडी नवराच चालवत होता. मलाही येत होती, पण मी शिकले मानोऱ्याच्या सरळ रस्त्यावर. माहेरी किन्हीराजाला दोन-तीनदा नेली होती, बस.

त्या दुपारी डोंगरावरच्या देवीचं दर्शन घेऊन परत येताना नवऱ्यानं कमरेवर हात दाबून धरला.

“मुतखडा उठला वाटते,” तो म्हणाला. आदल्या वर्षी एकदा उठला होता, त्यामुळे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. पाणी पिऊन तो तसाच स्टिअरिंगवर बसला. थोडं खाली उतरलो आणि त्यानं कचकन ब्रेक दाबला, दार उघडून रस्त्यावरच ओकला. सदरा घामानं चिंब झाला होता.

“मले नाही जमत. तू घे.”

“मी? या घाटात?”

“मंग काय अथीच मरू?”

मोबाईलला रेंज नव्हती. सासूबाईंनी त्याला मागच्या सीटवर आडवं केलं आणि त्या पुढे माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली. डावीकडे दरी, उजवीकडे कातळ, आणि रस्ता एका गाडीपुरता. मागून नवऱ्याचं कण्हणं ऐकू यायचं. ते थांबलं की मला जास्त भीती वाटायची.

एका आखूड वळणावर समोरून एसटी आली. वरच्या गावाला जाणारी, माणसांनी भरलेली. दोघांनीही ब्रेक लावले. मध्ये तीन हातांचं अंतर राहिलं असेल. एसटीच्या मागं वळण होतं, तिला सरकता येत नव्हतं. मलाच चढावर मागं जायचं होतं, रस्ता जरा रुंद होता तिथपर्यंत.

कंडक्टर खाली उतरून आला. “साहेबांना घ्यायला सांगा ना, ताई.”

“साहेब मागं पडलेत. तुम्ही घेता का?”

त्यानं आत वाकून पाहिलं. “मला गाडी येत नाही हो. डायव्हरला एसटी सोडता यायची नाही. तुम्ही घ्या, मी मागून सांगतो.”

रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि हातभर पुढे घसरली. एसटीतल्या बायका ओरडल्या. दुसऱ्यांदाही तसंच. आता एसटीचा बंपर मला दिसतच नव्हता, इतकी मी जवळ गेले होते.

सासूबाई दार उघडून उतरल्या. कडेचा एक मोठा गोटा दोन्ही हातांनी उचलून त्या माझ्या बाजूला आल्या आणि पुढच्या चाकापाशी बसल्या.

“आई, बाजूला व्हा! गाडी अंगावर येईन!”

“नाही येत. मी चाकाले गोटा लावतो. तू माघारी घे.”

“घसरली त?”

“तू इकडे पाहू नोको. त्या माणसाकडे पाह्य.”

मी आरशात कंडक्टरकडे पाहिलं आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबला. गाडी वीतभर मागं गेली. गोटा चाकाला लागल्याचा आवाज आला. पुन्हा वीतभर. पुन्हा गोटा. एकदा गाडी बंद पडून पुढे आली आणि गोट्यावर अडली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर मला क्लच सापडला असावा, कारण गाडी एका दमात मागं गेली आणि कंडक्टरनं “बस, बस!” म्हणत डिकीवर थाप मारली. एसटी आमच्या आरशाला जवळजवळ घासून वर गेली.

सासूबाई पदरात हात गुंडाळून आत बसल्या. “चाल,” एवढंच म्हणाल्या.

खालच्या बंदरगावात एक दवाखाना उघडा होता. नवऱ्याला इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, तेव्हा कुठे तो शांत झाला. मी बाकावर बसले, तेव्हा नर्स सासूबाईंना म्हणाली, “आजी, हाताला काय झालं?”

पदर रक्तानं भिजला होता. उजव्या हाताचं मधलं बोट गोट्याखाली चेंगरलं होतं, नख उचकटलं होतं. गाडी बंद पडून पुढे आली, तेव्हाच.

“काहून सांगतलं नाही?” मी ओरडलेच.

“सांगतलं असतं त तू हात-पाय गाळून बसली असती. मंग त्याले कोणं आणलं असतं?”

मला रडू फुटलं. त्यांना राग आला. “मले काही झालं नाही. रडून नोको राहू, लोकं पाहून राह्यले.”

रात्री लॉजवर मी त्यांना भरवलं. पुढची देवळं राहिली. नवऱ्याला पुन्हा चढ-उताराच्या रस्त्यानं न्यायची आमची दोघींची हिंमत नव्हती. सकाळी परत निघालो, तेव्हाही गाडी मीच घेतली, कारण तो गोळीच्या गुंगीत होता. सह्याद्रीचा घाट चढून वर सपाटीला लागल्यावर सासूबाईंनी चहाला थांबायला सांगितलं आणि डाव्या हातानं कप धरून दोन कप चहा प्यायल्या.