परवाने आणि मालकांची झोप

'मला येत नाही' हे वाक्य इतक्या रुबाबात उच्चारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपण ते पुटपुटतो, मान खाली घालून. परवाने मात्र खुर्चीत मागे रेलून, सोनेरी काड्यांचा चष्मा वर सरकवून, एखादं बक्षीस जाहीर करावं तसं ते म्हणायचा.

परवाने हे त्याचं आडनाव नव्हे. ते मी ठेवलं. बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमच्या मालकांचं ऑफिस होतं. कारखान्यांच्या वायरिंगची कंत्राटं ते घेत. आम्ही दोघं एकाच कॉलेजातून इंजिनियर होऊन तिथे लागलो. मी वरच्या क्रमांकाने, तो कसाबसा. नियमाप्रमाणे अनुभव पुरा होताच त्याने सरकारचा विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना काढला, चौकटीत घातला आणि मालकांच्या गणपतीशेजारी टांगला. "या, परवाने!" असं मी दुसऱ्या दिवशी कुजकटपणे म्हणालो. त्याला ते इतकं आवडलं की फोनवरही तो तेच नाव सांगू लागला. आपण टोमणा मारावा आणि समोरच्याने तो अत्तरासारखा लावून मिरवावं, याहून मोठा पराभव पुण्यात नाही.

मालक दुपारी जेवून घरी झोपत. म्हणजे, साइटवर परवाने असला तर. त्या दिवशी घरचा फोन उचलून बाजूला ठेवलेला असे. साइटवर मी असलो, की अडीचच्या सुमारास चौकीदाराच्या खोलीत फोन वाजे.

"सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, मालक."

"नाही, आपलं सहज."

त्या 'सहज'ने माझी कितीतरी जेवणं कडू केली. माझा हिशोब कधी चुकत नसे. परवानेचा चुके, आणि तो माझ्याकडूनच तपासून घेई. "बघ रे जरा, तुझ्या नजरेखालून जाऊ दे." मी चूक दाखवली की खूश होई. माझ्या जिवावर तो बिनचूक, आणि झोप त्याच्या नावावर.

पुढे त्याने आमच्या सगळ्या वायरमनना परवान्याच्या परीक्षेला बसवायचं काढलं. मालक म्हणाले, "पास झाले की पगार वाढवून मागतील."

"मागतीलच," परवाने म्हणाला. "पण मग आपल्याला प्रत्येकाच्या मागे एक माणूस उभा करावा लागणार नाही. आता करतो तसा."

दर रविवारी ऑफिसात वर्ग भरू लागला. शिकवायला त्याने मला बसवलं. "पुस्तकं तुला येतात. मला शिकवता येत नाही." मी महिनोन्‌महिने फळ्यावर हात पांढरे केले. पोरं पास झाली आणि पेढे घेऊन त्याच्या पाया पडली. मला पेढा मिळाला, दुसऱ्या फेरीत.

मग शहराबाहेर, हिंजवडीकडे, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठू लागल्या. तशा एका इमारतीचं सगळं विजेचं काम आम्हाला मिळण्यासारखं होतं. आराखडा माझा होता. मनातून मी त्या कामाचा प्रमुखही झालो होतो. बैठकीत कंपनीच्या माणसाने विचारलं, "अकरा हजार व्होल्टच्या केबलचे जोड कोण करणार?" मी त्यावर दोन पुस्तकं वाचली होती. सगळी पद्धत सांगायला सुरुवात केली.

परवाने मधेच म्हणाला, "ते मला येत नाही. यालाही येत नाही. त्याचे वेगळे जॉइंटर असतात, तेच करतील. बाकी सगळ्यावर सही माझी."

मी टेबलाखाली मुठी आवळल्या. समोरच्या माणसाने पेन खाली ठेवलं आणि आमच्या मालकांकडे पाहून म्हणाला, "सकाळपासून चार कंत्राटदार येऊन गेले. सगळ्यांना सगळं येतं."

काम आम्हाला मिळालं. प्रमुख अर्थातच परवाने झाला. परतताना मालक गाडीतच घोरू लागले.

संध्याकाळी मी त्याला टाळून ऑफिसातून निघालो. जिना उतरताना त्याने माझा खांदा धरला. "तूही परवान्याचा अर्ज कर की रे."

"मला कागदाची गरज नाही."

"तुला नसेल. मालकांना आहे. तुझं बरोबरच असतं, पण चुकलंच तर ते कोणाचं, हे ठरलेलं नसतं. मग माणसाला झोप कशी लागावी?"

मी अर्ज केला नाही. त्याने सांगितलं होतं म्हणूनच.

तो फार लवकर गेला. आजार पोटाचा होता आणि उशिरा कळला. हॉस्पिटलात मी शेजारी बसलेला असताना त्याने डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टर, हे तुम्हाला येतं ना? येत नसेल तर सांगा, राग नाही."

डॉक्टरांनी फाइल मिटली. "याच्या पुढचं मलाही येत नाही," असं म्हणाले.

ते गेल्यावर परवानेचा चेहरा उजळला. "चांगला डॉक्टर आहे," मला म्हणाला. मग, "अर्ज?"

अर्ज मी नंतर केला. परवाना मिळाला. चौकटीत घातला नाही; गणपतीशेजारी जागा एकच आहे आणि तिथे अजून त्याचाच आहे.

माझ्या सहीचं पहिलं काम वारज्याच्या पुढे, एका नव्या इमारतीचं. मालक आता थकले आहेत, तरी अडीचला माझ्या मोबाइलवर त्यांचं नाव उमटलंच.

"सगळं ठीक ना?"

'ठीक आहे' अगदी ओठांवर होतं.

"नाही, मालक. केबलच्या जोडात मला शंका आहे, आणि ते मला येत नाही. जॉइंटर उद्या येतोय. तोवर लाइन सुरू करत नाही. उशीर झाला तर माझ्या नावावर."

पलीकडे खुर्ची करकरली. मग जांभई.

"बरं," मालक म्हणाले. "मग पडतो जरा."

इतकी वर्षं मी ज्या झोपेसाठी जळलो, ती अखेर मी त्यांना दिली होती. फोन खिशात ठेवला. अर्धवट भिंतींवर ऊन पडलं होतं, वायरमन डबे उघडून बसले होते. आणि मला पुन्हा त्याचा हेवा वाटला, पहिल्यासारखाच, कडकडून. मालकांना झोपवलं होतं ते त्याच्याच वाक्याने.