तांदळात लिहिलेलं नाव

स्वातंत्र्य मिळालं, तरी रेवदंड्याच्या आमच्या घरात इंग्रजांच्या राजाराणीची तसबीर भिंतीवरच राहिली. वडिलांना भारी पुळका. "राजा बोलताना अडखळायचा, पण राणी शेजारी बसून धीर द्यायची. संसार असावा तर असा!" हे ते आल्यागेल्याला ऐकवत. आईला मात्र जन्मभर "अगो" एवढीच हाक.

राजा वारला तेव्हा त्यांनी सुतक म्हणून घरात मासळी बंद केली. आईने विचारलं, "राजा राणीला हाक कशी मारायचा?"

"नावाने. प्रेमाने!"

"मग लग्नात माझं नाव बदलून तांदळात लिहिलंत, ते सांगा बघू."

वडील थेट राजासारखे अडखळले. धीर द्यायला शेजारी कुणी नव्हतं. आमच्या घरची राणी चुलीपाशी बोंबील तळायला बसली होती.