खिडकीशी जुळवलेला रंग

संक्रांतीच्या सकाळी शेजारच्या अक्कांनी वाटी आणून दिली. अक्का तीन पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या मराठी घरातल्या. तीळ, शेंगदाणे, खोबरे, गुळाचे खडे आणि वर साच्यातून काढलेला साखरेचा पोपट, चोचीपासून शेपटीपर्यंत रेखीव, दुधासारखा पांढरा. मी पुण्याची. पाडव्याच्या गाठीसारखा तोही भुरभुरेल, अशा भाबड्या विश्वासाने मी पुढच्या दातांनी त्याची शेपटी तोडायला गेले. शेपटी शाबूत राहिली. माझ्या दाताचा कोपरा मात्र तिळांत जाऊन पडला.

“अय्यो, चावायचा नसतो तो! स्वल्प स्वल्प चोखायचा,” अक्का कळवळल्या, आणि माझे तोंड पाहून खुदकन हसल्या.

दुखत नव्हते. पण रविवारी राजाजीनगरात हळदीकुंकवाला मी माझी कविता म्हणणार होते, आयुष्यात प्रथमच चारचौघांत; आणि ती सारी सावली, सांज, सायलीने विणलेली. आता प्रत्येक ‘स’बरोबर त्या खिंडीतून बारीक शीळ निघे. ती ऐकून नवरा म्हणाला, “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा ना?”

दुसऱ्याच दिवशी मी दवाखाना गाठला. दातांची डॉक्टर बेळगावकडची, तरुण, गोड हेलाची.

“अगदी पांढराशुभ्र भरा,” रविवारच्या कवितेचे सांगून मी म्हटले.

“पांढरा लावला तर कविता कोण ऐकणार, ताई? सगळे दातच बघत बसतील की! या, खिडकीशी या.”

तिच्या हातात दातांच्या रंगछटांची पट्टी होती. “दात ओला आहे तोवरच रंग बघायचा. वाळला की उगीच गोरा दिसतो.” सकाळच्या उन्हात ती एकेक छटा ओठांशी धरू लागली. खडूची, शिंपल्याची, मोगऱ्याच्या शिळ्या पाकळीची. शेवटी सायीखालच्या दुधाची एक छटा माझ्या दाताशेजारी आली आणि दिसेनाशी झाली. “लावल्यावर हरवतो, तो आपला,” ती म्हणाली.

मग जिभेच्या टोकाला निसटती आंबट चव, पाण्याचा गार फवारा, आणि लोण्यासारखे मऊ काहीतरी थराथराने दातावर बसत गेले. प्रत्येक थरावर निळा प्रकाश पडे नि तो थर दगड होई. घासायच्या यंत्राची गुणगुण कवटीच्या आतून ऐकू आली, भुंगा घरात शिरावा तशी.

“आता म्हणा कविता.”

पहिल्याच ओळीत शीळ होती; क्षीण, पण होती. माझा चेहरा पडला. तिने मान तिरपी करून पुन्हा ऐकले, कडेला आणखी एक पातळ थर चढवला, निळा प्रकाश दिला, घासले.

“हं.”

“सांज सावळी सायलीवरुनी...”

ओळ स्वच्छ गेली. दुसरीही. गळ्यात कागदी लाळेरे, केस विस्कटलेले, डोळे दिव्याने दिपलेले, अशा अवस्थेत मी थांबायलाच विसरले आणि कविता शेवटपर्यंत म्हणून टाकली. दार उघडेच होते. बाहेर रांगेत गाल धरून बसलेल्या आजोबांनी कानडीत काहीतरी ओरडून म्हटले.

मी घाबरून विचारले, “रागावले का? उशीर झाला?”

“छे हो! त्यांना मराठी कळत नाही,” डॉक्टर हसली, “पण पुन्हा एकदा म्हणा म्हणतायत.”

मी ओठ पुसले, खुर्चीत ताठ बसले, आणि आजोबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सुरुवात केली.