मच्छिंद्रनानांची चौकट आणि बिनकाट्याचा भुंगेरा

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मच्छिंद्रनाना सुतारांकडून दाराची चौकट घेतली की तिच्यासोबत एक वाक्य फुकट मिळायचं. "हिला किडा लागला तर हत्यारं खाली ठेवीन." चाळीस वर्षं ते हे म्हणत होते. तेवढ्या काळात गावातले दोन पूल, एक पाण्याची टाकी आणि बरेच सरपंच खराब निघाले. नानांची चौकट एकही नाही.

नाना बाभूळ अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचे. साल त्याच दिवशी सोलायची आणि ओंडके तीन-चार महिने पाझर तलावात बुडवून ठेवायचे. किड्यांची त्यांची स्वतःची वर्गवारी होती : सालीखालचा, पांढऱ्या लाकडातला आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यातला. तिसऱ्यावर औषध नाही, म्हणायचे.

मी तेव्हा कीटकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. वाळक्या बाभळीला पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा एक छोटा गट आहे, त्याचं वर्गीकरण हा माझा विषय. या भुंगेऱ्यांची पाठ मागच्या टोकाला तासल्यासारखी उतरती असते आणि त्या उतारावर दोन काटे असतात. ते किती जवळ, सरळ की वाकडे, यावरून जात ठरते. थोडक्यात, दोन वर्षं मी भुंगेऱ्यांची ढुंगणं बघत होते. घरात पाहुणे आले की आई नुसतं "शेतीचं शिकती" म्हणायची. नाना मात्र रस्त्यातून ओरडून विचारायचे, "काय पंके, आज कुनाचं बघितलंस?"

मे महिन्यात गोरक्षनाथच्या घरी बोंब झाली. त्याची चौकट दोन वर्षांपूर्वीची, नानांच्याच हातची. आठ दिवस रोज सकाळी उंबऱ्यावर पीठ सांडलेलं आणि त्यात बारके तपकिरी किडे. त्याने चौकटीवरची भोकं मोजली. एकोणीस. मग नानांना बोलावून शेजाऱ्यांसमोर ते वाक्य ऐकवलं.

"बोललो हाय, न्हाई कुठं म्हनतोय," नाना म्हणाले. "पर आधी पंकीला बघू दे. सरकारनं तिला त्यासाठीच शिकवली."

मी भिंग घेऊन उंबऱ्यावर बसले. डोकं टोपीखाली दडलेलं, मिशांच्या टोकाला तीन मणी. कूळ पक्कं, लाकूड पोखरणाऱ्यांचं. मग नेहमीच्या जागी पाहिलं. काटे नाहीत. साफ गुळगुळीत. माझ्या गटात बिनकाट्याची जातच नव्हती. नव्या जातीला नाव काय द्यायचं, इथपर्यंत मी मनात पोचलेसुद्धा.

"लाकूड पोखरणाराच आहे, नाना," मी म्हणाले. "पण बहुतेक नवी जात आहे."

"नवी," नाना म्हणाले. "आन् तिला माझीच चौकट घावली."

रंधा, करवत, वाकस, पटाश्या असलेली पिशवी त्यांनी खांद्यावरून उतरवली आणि गोरक्षनाथच्या ओट्यावर ठेवली. गोरक्षनाथला बहुतेक नुसती नवी चौकट हवी होती.

नाना जायला वळले आणि सवयीने उंबऱ्यावरच्या पिठाला बोट लावून जिभेवर ठेवलं. परत एकदा ठेवलं.

"बाभूळ तुरट लागती," ते गोरक्षनाथच्या बायकोला म्हणाले. "सविता, हे दळान हाय गं तुझं."

त्यांनी वर पाहिलं. आम्हीही पाहिलं. चौकट बसवताना पूजेत गहू, हळकुंड आणि सुपारीची पुरचुंडी वर बांधतात. ती दोन वर्षं तिथेच लटकत होती. कापडाची चाळण झाली होती आणि नानांनी टिचकी मारताच त्यातून पीठ गळालं.

"पूजेचं हुतं," सविता म्हणाली. "त्याला कसा हात लावायचा?"

"तू न्हाई लावला, किड्यानं तोंड लावलं."

"आन् भोकं?" गोरक्षनाथने शेवटचा जोर लावला.

"तोरनाचे खिळे हायेत रं. दर सनाला नवा ठोकतोस, जुना उपटतोस. हा किडा तुझ्याच घरातला, दोन पायांचा."

गहू पोखरणारा हा भुंगेरा लाकूड पोखरणाऱ्यांच्याच कुळातला, फक्त धान्यावर वळलेला. त्याला काटे नसतात. धान्याच्या कोठीत सापडला असता तर मी झोपेतही ओळखला असता. चौकटीखाली सापडला म्हणून मी त्याला नाव ठेवायला निघाले होते. हे मी नानांना सांगितलं, शरमेने थोडं हळू.

"म्हंजी भावकीच," नाना म्हणाले. "एक रानात ऱ्हायला, एक गावात आला. त्यात काय एवढं."

गोरक्षनाथने पिशवी उचलून त्यांच्यापुढे धरली. नानांनी हात मागे बांधले.

"माझ्या घरापत्तुर आनून दे. आन् गल्लीनं न्हाई, येशीवरनं."

पिशवी अठरा-वीस किलोची असेल. गोरक्षनाथ पुढे, नाना मागे रिकाम्या हातांनी. वाटेत जो विचारेल त्याला नाना थांबून सगळं पहिल्यापासून सांगत होते आणि तेवढा वेळ पिशवी खाली ठेवू देत नव्हते.