ओठ लावून पी

जग बुडायला निघालंय आणि चार दोस्त एका खोलीत बसून एकमेकांची टिंगल करून राहिलेत, असल्या सिनेमांचा मला लई नाद. आता तर मोबाइलवर ढिगानं मिळतात. बायको म्हणते, "या वयात काय ते अभद्र बघत बसता?" मी बघतो, हसायच्या जागी हसतोही. पण माझी नजर एकाच गोष्टीवर असते. शेवटी शेवटी सगळं संपत येतं, पाण्याची एकच बाटली उरते, आणि दोस्त ती एकमेकांकडं देतात. ती कोण कुणाच्या हातून घेतो आणि तोंडाला कशी लावतो, तेवढं मी नीट बघतो.

असला एक सिनेमा आम्ही पण काढला होता. लिहिला मी होता, आणि एका माणसाचं उट्टं काढायला लिहिला होता.

मी नांदेडकडच्या उमरीचा, पण कॉलेजला लातूरला होतो. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या, हापिसं नवी, कलेक्टर नवा, आणि नळाला पाणी न्हाई. दुष्काळ असा पडला की आमच्या मेसच्या बाईनं मेसच बंद केली, भांडी घासायला पाणी कुठून आणू म्हणाली. माझा एक दोस्त जवळच्याच गावचा होता. घरचा मळा, आणि त्या साली ज्या थोड्या विहिरींनी तळ दाखवला नव्हता त्यातली एक त्यांची. आम्ही त्याला मळेवालाच म्हणायचो. तो म्हणाला, "उपाशी मरतोस का लेका, चल घरी." त्याच्या सायकलवर डबलसीट गेलो.

त्याच्या आईनं पोटभर वाढलं. खोटं कशाला बोलू, हात आखडता घेतला नाही. ज्वारीच्या गरम भाकरी, वरण, ठेचा. "लाजू नको बाबा, घे," म्हणाली. मी मावशी, मावशी करत जेवलो आणि मग पाणी मागितलं. घरात पितळेचे तांबे ओळीनं मांडलेले होते. माझ्यासाठी मात्र ती ओसरीबाहेरच्या कोनाड्यातला काचेचा ग्लास घेऊन आली आणि त्यात हातभर उंचीवरून पाणी ओतलं. ग्लासाच्या काठाचा टवका उडालेला होता. आमच्या आजोबांनी धम्म घेतला, बापानं सरकारी नोकरी केली, मी फर्स्ट क्लास काढला, आणि हा ग्लास कोनाड्यात माझी वाट बघत बसला होता. मी पाणी प्यालो, ग्लास विसळला आणि परत कोनाड्यात पालथा घातला. कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगावं लागत नाही.

परत येताना मळेवाला पायडल मारता मारता म्हणाला, "आईचं जुनं हाय रे. तू मनावर घेऊ नको."

मी मनावर घेतलं. आईचं एक वेळ सोडून दिलं असतं. पण हा माझ्यासमोर बसून भाकरी मोडत होता, आणि ग्लास आला तेव्हा यानं ताटात मान घातली. उठून आपल्या तांब्यातलं पाणी मला दिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? सापानं धरावा तसा मी डूख धरला. त्याला कळू दिलं नाही. रोज त्याच्याशी हसत होतो, त्याच्याच सायकलवर बसत होतो.

आमचा तिसरा दोस्त मामाच्या कॅमेऱ्यानं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. म्हणून तो शूटिंगवाला. आम्ही तिघं व्हिडिओ पार्लरला जायचो. तिथं एकदा परदेशातला सिनेमा लागला होता, वर जग जळतंय आणि खाली तळघरात दोस्त बसलेत. इंग्रजी कुणाला धड कळत नव्हतं, पण ते लोक मरायच्या दिवशी ज्या निवांतपणे एकमेकांच्या खोड्या काढत होते, ते बघून आमची हसून हसून पुरेवाट झाली. शूटिंगवाला म्हणाला, "असलं आपण पण काढू." मी म्हणालो, मी लिहितो. तेव्हाच माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं होतं.

कॅसेट महाग. पण त्या उन्हाळ्यात मळेवाल्याच्या बहिणीचं लग्न झालं होतं, आणि शूटिंगवाल्यानं काढलेल्या लग्नाच्या कॅसेटमध्ये पाठवणीच्या पुढं बरीच टेप कोरी उरली होती. शूटिंगवाला म्हणाला, त्यातच काढू. मळेवाला खूश, कारण हीरो तो. माझी खुशी वेगळीच होती. लग्नाची कॅसेट घरी आली की काय होतं ते मला माहीत होतं. टीव्ही अंगणात येतो, सगळी भावकी जमते, सोयरे येतात, आणि पडद्यावर चित्र हलतंय तोवर कुणी जागचं उठत नाही.

गोष्ट अशी लिहिली की जगबुडीचा हुकूम वरून निघाला. सगळीकडं पोचला. लातूरचा मात्र चुकून जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेला, कारण नवा जिल्हा झाल्याचं वर कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यामुळं अख्खं जग बुडालं तरी लातूरला एक दुपार जास्तीची मिळाली. दोन दोस्त कोरड्या तळ्यात बसून त्या हुकमाची वाट बघतात, आणि तिसरा शूटिंग काढतो, का तर पुढं बघायला कुणीतरी उरलं तर असावं म्हणून. सोबत तांब्याभर पाणी आणि ग्लास एकच. तो ग्लास माझा. पहिला घोट मी घेणार, मग ग्लास मळेवाल्याला देणार. सगळा सिनेमा मी त्या घोटासाठी लिहिला होता.

तळ्यात भेगा अशा पडल्या होत्या की पाय अडकावा. हुकमाचा भाग झकास झाला, शूटिंगवाल्याचा हात हसून हलत होता. मग पाणी आलं. मी ओठ लावून घोट घेतला आणि ग्लास पुढं केला. मळेवाल्यानं मान मागं टाकली आणि वरून पाणी तोंडात सोडलं.

"असं न्हाई बे," मी म्हणालो. "जगातलं शेवटचं पाणी हाय. वरून पिलास तर सांडंल. ओठ लावून पी."

"आमच्यात सगळे वरूनच पितेत."

खरं होतं. आमच्या भागात सगळेच वरून पितात. त्यातच तर सोय आहे. कोण सवयीनं पितो आणि कोण तुमच्या उष्ट्याला भिऊन पितो, ते कधी कुणाला कळत नाही. मी पुन्हा ग्लास भरला, घोट घेतला, पुढं केला. त्यानं पुन्हा वरून सोडलं. शूटिंगवाला वैतागला. "पी ना बे नीट, टेप चालून राहिली." तेव्हा मळेवाल्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला समजलं होतं. मी नजर हलवली नाही. त्यानं ग्लास घेतला आणि ओठ लावून प्याला. त्याचा गळा हललेला मी डोळे भरून बघितला. इतकं गार मला त्या उन्हाळ्यात कशानंच वाटलं नव्हतं.

कॅसेट त्यांच्या घरी गेली त्या दिवशी मी न बोलावता गेलो. "मावशी, मी पण येतो बघायला," म्हणालो. अंगण गच्च भरलेलं. मुलीच्या सासरचे धर्माबादहून आलेले. अक्षता झाल्या, पाठवणी झाली, बायांनी पुन्हा एकदा डोळे पुसले. आणि मग कोरडं तळं आलं. हुकमाच्या गोष्टीवर म्हातारेसुद्धा हसले. मग ग्लास आला. आम्हाला एडिटिंग कुठलं माहीत? सगळं जसंच्या तसं टेपवर होतं. त्याचं वरून पिणं, माझं "ओठ लावून पी," त्याची कुरकुर, आणि शेवटी त्याचे ओठ माझ्या ग्लासाला.

सगळं अंगण मुलीच्या सासऱ्याकडं बघायला लागलं. मी त्याच्या आईकडं बघत होतो. याच घडीसाठी मी राग दाबून हसलो होतो इतके दिवस.

ती शांतपणे म्हणाली, "सिनेमा हाय तो. सिनेमातलं पाणी खोटं असतंय."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. गोष्ट माझी, ग्लास माझा, आणि बाईनं एका वाक्यात मला झोपवलं.

मग पाणी आलं सगळ्यांना, तांबे फिरले. माझ्यासाठी कोनाड्यातला तो टवक्याचा ग्लास आला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अर्धा ग्लास मी ओठ लावून प्यालो, उठलो, आणि सगळ्या भावकीसमोर मळेवाल्यापुढं धरला. "घे," म्हणालो. "आता सिनेमा न्हाई."

त्यानं आईकडं बघितलं. बहिणीच्या सासऱ्याकडं बघितलं. ग्लास घेतला. मग मान मागं टाकली आणि वरून पाणी घशात सोडलं, सगळं, एका दमात. एक थेंब सांडला नाही.

मी चप्पल घातली आणि लातूरपर्यंत चालत आलो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॅसेटच्या त्या भागावर टीव्हीवरच्या बातम्या भरल्या, असं शूटिंगवाल्यानं सांगितलं. पण कॅसेट द्यायच्या आधी त्यानं माझ्यासाठी एक कॉपी काढली होती. मळेवाल्याशी मी पुन्हा बोललो नाही.

मध्यंतरी त्याचा फोन आला. आता तो मोठा माणूस आहे, समतेवर भाषणं देतो. आवाज मात्र तोच. "आपला तो सिनेमा आठवतो का गड्या? शूटिंगवाला म्हणला, तुझ्याकडं कॉपी हाय. माझ्या सत्काराला दाखवायची म्हणतो. त्या काळात मी तुझ्या ग्लासातनं पाणी पेलो होतो, लोकांना कळू दे की."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग म्हणालो, "खराब झाली ती, फेकली. पण तिचं काय अडलंय? तू ये उमरीला. पाणी माझ्या घरचं, मोबाइल माझा. पुन्हा काढू."

"हाव, येतो की. कधी पण."

"मनावर घे," मी म्हणालो.

कॉपी मी नांदेडला एका दुकानात मोबाइलवर उतरवून घेतली आहे. जेवण झालं की बघतो. तो अजून आलेला नाही.