नळाकडे जाणारा हात

माझ्या ज्ञानेश्वरीचा हात उद्या पुन्हा नळाकडे गेला तर? रात्रीचे साडेअकरा झालेत आणि हा एकच विचार डोक्यातून हलत नाही.

एरवी त्या हाताचं कौतुक लिहायला मला रात्र पुरणार नाही! एमबीबीएस झाली, इंटर्नशिप सुरू झाली. सर्जरीच्या महिन्याआधी तिच्या कॉलेजात हातांची परीक्षा घेतात. हात धुणं, ग्लोव्हज घालणं, गाठी, टाके. सर कागद घेऊन उभे राहतात आणि एकेका पायरीवर खूण करतात. जो पास, तो ऑपरेशन थिएटरात सरांशेजारी उभा राहणार. जो नापास, त्यानं महिनाभर वॉर्डात केसपेपर लिहायचे. आणि माझ्या मुलीला तर सर्जनच व्हायचंय, दहा वर्षांची होती तेव्हापासून.

वैजापूरकडच्या आमच्या गावी तिच्या आजोबांची, मुंजाबांची, मेंढरं होती. एकदा कुत्र्यानं एका मेंढीची मांडी फाडली. आजोबांनी हळद दाबली आणि गोधडीच्या सुईनं जखम शिवायला बसले. आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली. ही कंदील धरून बसली होती. "आबा, हितं एक टाका राह्यला," म्हणाली. मेंढी जगली. आजोबा गावभर सांगत फिरले, "टाका पोरीनं दाखवला, म्या निस्ता दोरा वढला."

गेला महिनाभर हॉस्टेलवरून घरी आली की तिनं केळीची सालं, गादीतला फोम, माझी जुनी पर्स, शिवायचं काही म्हणून सोडलं नाही. खुर्चीच्या पायाला दोरा बांधून एका हातानं गाठी मारते, दुसऱ्या हातात चहाचा कप! टाके असे सारखे, की मुंग्यांची रांग चालली आहे असं वाटावं. परीक्षेत सर म्हणाले, "याचा फोटो काढून ठेवा." आणि तरी नापास केलं.

कारण नळ. पाच मिनिटं हात घासून, बोटं वर धरून तिनं बाजूला व्हायचं होतं. नळ कोपरानं बंद करायचा, नाहीतर वाहू द्यायचा. हिनं धुतलेल्या हातानंच बंद केला. "हात बाटला," सर म्हणाले, "पुन्हा धुवा." पुन्हा धुतला, पुन्हा गेला. या पायरीला माफी नाही. उद्या शेवटची संधी.

आज रविवार, आमच्या पाण्याचा वार. आम्ही गावाहून शहरात, मुकुंदवाडीत आलो तेव्हा घरामागं ज्वारीची रानं होती. आता तिथं चार-चार मजली इमारती आहेत, पाइप मात्र तोच. या उन्हाळ्यात सातव्या दिवशी पाऊण तास पाणी येतं. तेवढ्यात सराव करायचा ठरवलं, घासणं थोडक्यात आटपून फक्त नळाची पायरी. नळाखाली टब लावला. भरला की मी उचलून आत ड्रममध्ये ओतणार, तोवर दुसरा टब. थेंब वाया जाणार नव्हता.

सासूबाई, सुगंधाबाई, दारात बसून बघत होत्या. "पोरगी हात धुती का हाताची पूजा करती?"

"आजी, बोलू नको. हात नळाकडं जातो का तेवढं बघ."

"बघती की. ह्यो बघ! ग्येला, ग्येला!"

पाच वेळा गेला. ज्ञानू रडकुंडीला आली. "आई, मला कळतच नाही गं, तो आपोआप जातो."

सहाव्या वेळी मी टब घेऊन आत गेले होते, तोच बाहेरून आरोळी आली, "नाय ग्येला! लई शाणी माझी बाय!" मी पळत आले. म्हटलं, आता माझ्यासमोर कर. लगेच हात गेला. मी पुन्हा आत. नाही गेला! मग मी आतच थांबले, आणि ओळीनं सात वेळा ती दोन्ही हात वर धरून राणीसारखी नळापासून बाजूला झाली. प्रत्येक वेळी नळ सासूबाईंनी बंद केला. आत ड्रमपाशी मी तोंडावर पदर धरून नाचायचीच बाकी होते.

"तू आतच बस," सासूबाई हसत म्हणाल्या. "तुला बघून भेती पोर."

ज्ञानू हसली नाही.

२०१३ च्या दुष्काळात तिची दहावी होती. पेपरच्या आदल्या दिवशी पुस्तक वाचता वाचता तिच्याकडून नळ उघडा राहिला आणि टाकी रिकामी झाली. पुढचा टँकर चार दिवसांनी. मी तिच्या उजव्या हातावर लाटणं मारलं. मराठीचा पेपर तिनं सुजलेल्या हातानं लिहिला. त्यानंतर आमच्या घरात नळ कधी उघडा राहिला नाही. मला त्याचा अभिमान होता.

संध्याकाळी तिला हॉस्टेलच्या बसमध्ये बसवलं. "हात वर ठेव," एवढंच म्हणाले.

पण उद्या मी आत जाऊन बसले तरी काय उपयोग? नळापाशी कुणीतरी उभं असणारच, तिच्याकडं बघत. तिला तिथं मीच दिसणार.

आणि तो हात एकदा थांबला, की मग तिला कोण अडवणार आहे! ते टाके, त्या गाठी!

सकाळी फोन करावा असं ठरवलं होतं. सकाळी ती घाईत असेल, मलाही धीर होणार नाही, आणि पुन्हा "हात वर ठेव" म्हणून मोकळी होईन. आत्ता ती नक्की जागी असेल, पलंगाच्या दांड्याला दोरा बांधून. तिला सांगते, ते लाटणं मारायला नको होतं, चुकलं माझं. आणि उद्या नळ वाहू दे, लागेल तेवढा वाहू दे.

वही मिटते. फोन लावते.